टांझानियाच्या नव्या मिशन कॉलेजात शिकवायला निघालेल्या प्राध्यापकास

सांगली जिल्ह्यात सहा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी विचारलं आहे: टांझानियात चर्चच्या पाठिंब्याने नुकत्याच सुरू झालेल्या एका कॉलेजातून लेक्चररच्या जागेसाठी पत्र आलंय. दोन वर्षांचा करार आहे. नेट झालंय, पीएच.डी. आहे. मी ख्रिस्ती नाही. बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत येईल. जावं का? पगाराची शाश्वती किती? आणि परत आल्यावर हा अनुभव इथे धरतात का?

माझं मत आधीच सांगते. कॉलेजची नोंदणी खरी निघाली आणि चार महिने पगार आला नाही तरी घर चालेल एवढी शिल्लक तुमच्या हाताशी असेल, तर जा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर थांबा. मी नगर जिल्ह्यात एकोणीस वर्षं गणित शिकवून 2009 मध्ये टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या अशाच एका कॉलेजात गेले आणि 2015 मध्ये परतले. मी गेले तेव्हा कॉलेजला दोन वर्षं झाली होती. डायोसिसने, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या चर्च-विभागाने, दिलेली जमीन, परदेशी चर्चच्या मदतीने उभ्या राहिलेल्या दोन इमारती, तिसरीचा खणलेला पाया, आणि गणित विभागात मला धरून तिघंजण. मीही ख्रिस्ती नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते ते बहुतेक सगळं स्वतः अनुभवलेलं आहे.

तुम्हाला तिकडे का बोलावतायत हे आधी समजून घ्या, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. टांझानियात मिशनच्या शाळा ब्रिटिशांच्याही आधीपासून होत्या. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांच्या सरकारने 1969-70 च्या सुमारास त्या ताब्यात घेतल्या. उच्च शिक्षण तर पुढेही बरीच वर्षं सरकारच्याच हातात होतं. खासगी विद्यापीठांना वाट मोकळी झाली ती 1995 नंतर, आणि त्या वाटेने सगळ्यात आधी चर्च पुढे आली. लुथरन चर्चचं टुमाइनी विद्यापीठ, कॅथलिक बिशपांचं म्वान्झाचं सेंट ऑगस्टिन विद्यापीठ (1998), अँग्लिकनांचं डोडोमाचं सेंट जॉन्स (2007). त्याच वर्षी लुथरनांनी उसांबारा डोंगरात लुशोटो इथे सेबास्टियन कोलोवा हे कॉलेज काढलं आणि दिव्यांग मुलांना शिकवणारे शिक्षक घडवण्यावर भर दिला. 2004 पासून सरकारने प्रत्येक वॉर्डात माध्यमिक शाळा काढायचा सपाटा लावला. ‘शुले झा काटा’ म्हणतात त्या शाळांना. भिंती उभ्या राहिल्या, बाकं आली, शिक्षक मात्र नव्हते, आणि गणित-विज्ञानाचे तर नव्हतेच. म्हणून नव्या चर्च-कॉलेजांतली बहुतेक जण बी.एड.च्या पदवीचा अभ्यासक्रम चालवतात. तुमचं पत्र मी पाहिलेलं नाही, पण अशा कॉलेजात शुद्ध गणिताचे विद्यार्थी क्वचितच भेटतात. तुमच्यासमोर बसणारी मुलं उद्याची शाळामास्तर असतील. तुमचं संशोधन टोपोलॉजीत असो की संख्याशास्त्रात, तिथे तुमची किंमत ठरेल ती अपूर्णांक आणि बीजगणित किती उलगडून शिकवता यावर. हे मनापासून मान्य असेल तरच पुढचं वाचा.

आता पगार, कारण मला वाटतं तुमची झोप त्यानेच उडाली असेल. चर्चचं कॉलेज म्हणजे मागे परदेशी पैशाचा झरा आहे असं इथे बसून वाटतं. तसं नसतं. परदेशी देणगीदार इमारतीला पैसे देतात, ग्रंथालयाला देतात, विहिरीला देतात. पगाराला क्वचित देतात. पगार विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो, आणि फीचा मोठा भाग सरकारी उच्च शिक्षण कर्ज मंडळाकडून येतो. 2005 पासून हे मंडळ विद्यार्थ्यांना कर्ज देतं. त्यातली शिकवणीची रक्कम कॉलेजला जाते आणि जेवणाखाण्याची विद्यार्थ्याच्या हातात पडते. या दुसऱ्या रकमेला मुलं ‘बूम’ म्हणतात. ‘बूम’ आली की कॅम्पसचं तोंड उजळतं. पण मंडळाचा हप्ता लांबला की कॉलेजची तिजोरी रिकामी, आणि मग पगार लांबतो. माझ्या दुसऱ्या वर्षी सलग तीन महिने पगार आला नाही. चौथ्या महिन्यात सगळा एकदम मिळाला, एक शिलिंगही बुडाला नाही, पण ते तीन महिने मी नगरहून आणलेल्या पैशांवर काढले. स्थानिक सहकाऱ्यांना शेत होतं, मक्याचं पोतं घरात होतं. माझ्याकडे ते नव्हतं. चार महिन्यांची शिल्लक हवी म्हणते ती त्यासाठी.

म्हणून त्यांना विचारा: एकूण विद्यार्थी किती, त्यांतले कर्जावर किती? तुमचा पगार कॉलेजच्या खात्यातून की कुठल्या भागीदार चर्चच्या निधीतून? शिलिंगमध्ये की डॉलरमध्ये? शिलिंगमध्ये असेल तर आकडा बघून हुरळू नका. तिथे शंभर हजाराला ‘लाकी’ म्हणतात, आपला लाखच तो, आणि ‘लाकी’ फार पटकन खर्च होतात. कर वजा होऊन हातात किती पडेल, सामाजिक सुरक्षा निधीत किती कापलं जाईल, घर आणि वर्षाचं विमानभाडं करारात आहे का, हे लेखी घ्या. पत्रव्यवहार नम्रपणे करा पण प्रश्न सोडू नका. नव्या संस्थेत बहुतेकदा कोणी लबाड नसतं, पण ज्याला उत्तर माहीत नाही तोही ‘होईल’ म्हणतो.

नोंदणी तपासणं त्याहून सोपं आहे. टांझानियाच्या विद्यापीठ आयोगाकडे, म्हणजे टीसीयूकडे, मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. कॉलेज स्वतंत्र आहे की मोठ्या विद्यापीठाचं घटक, आणि नोंदणी तात्पुरती आहे की पूर्ण, हे बघा. हे मी उगाच सांगत नाही. 2017 मध्ये आयोगाने डझनाहून अधिक संस्थांना नवे प्रवेश घ्यायला मनाई केली होती, आणि पुढच्या काही वर्षांत काहींची नोंदणीच गेली. त्यांत चर्चची कॉलेजंही होती. प्रवेश थांबले की वर्षभरात फी आटते आणि पहिला फटका परदेशी शिक्षकाला बसतो. दुसरी गोष्ट, परवान्यासाठी ‘आधी तुम्ही पैसे पाठवा’ असं कोणी लिहिलं तर ते पत्र तिथेच फाडा.

परवान्यांतली एक खाचखळगी सांगते, कारण चर्चच्या संस्थांत ती वारंवार येते. तिथे नोकरीसाठी दोन कागद लागतात: कामगार खात्याचा वर्क परमिट आणि इमिग्रेशनचा निवास परवाना. नोकरदारासाठी निवास परवाना ‘बी’ वर्गाचा असतो. मिशनरी, स्वयंसेवक, विद्यार्थी, संशोधक यांच्यासाठी ‘सी’ वर्ग आहे आणि तो स्वस्त पडतो. म्हणून एखादं चर्च पगारी शिक्षकालाही ‘सी’वर आणू बघतं, त्यांच्या मनात वाईट काही नसतानाही. तुम्ही पगार घेणार आहात, तर ‘बी’चाच आग्रह धरा, तपासणी झाली तर अडचण तुमची होते. आणि पत्नीला अवलंबित म्हणून राहता येईल, पण नोकरी करायची तर तिचा परवाना वेगळा लागेल. त्या शिक्षिका असतील तर त्यांचेही कागद आताच सोबत ठेवा. तुमच्या पदव्यांची पडताळणी टीसीयू करेल, त्याला वेळ लागतो, म्हणून इथून निघण्याआधीच विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती काढून घ्या. तिथून कोल्हापूरला फोन करून प्रत मागवणं किती जड जातं ते तुम्हाला ठाऊक असेलच.

आता मुख्य गोष्टीकडे येते. जुन्या कॉलेजात आपण रुजू होतो तेव्हा सगळं ठरलेलं असतं: पेपर कोण काढतं, कपाटाची किल्ली कुणाकडे, नापास झालेल्याला काय सांगायचं. नव्या कॉलेजात यांतलं काहीच ठरलेलं नसतं, आणि तुम्ही पहिल्या सत्रात जे कराल तो पायंडा पडतो. चांगला पडतो तसा वाईटही पडतो. मी गेले तेव्हा सत्रातल्या चाचणीचे पेपर तपासून मुलांना परत द्यायची पद्धत नव्हती; गुण फलकावर लागायचे, बस्स. मी दर शुक्रवारी पेपर परत द्यायला लागले, प्रत्येकावर दोन ओळी लिहून. पहिल्या शुक्रवारी मुलांना कळेना की हे कागद घेऊन करायचं काय. तिसऱ्या शुक्रवारी दारात रांग होती. आता त्या विभागात मला न पाहिलेले तरुण शिक्षक आहेत आणि पेपर अजूनही शुक्रवारीच परत जातात.

वाईट पायंडाही माझ्याच हातून पडता पडता राहिला. पहिल्या वर्षी कलनशास्त्राच्या परीक्षेत निम्म्याहून जास्त वर्ग नापास झाला. तिथे पुरवणी परीक्षेतही गाडी अडली की विद्यार्थ्याचं नाव कमी होतं. मुलं त्याला ‘डिस्को’ झाला म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसते. कार्यालयातून सुचवलं गेलं की सरसकट गुण वाढवा. मी नाही म्हटलं, आणि तत्त्वाने वागले असं समजत होते. मग बाहेरच्या विद्यापीठातून बहिस्थ परीक्षक आले. तिथे दरवर्षी असे परीक्षक येऊन उत्तरपत्रिका पाहतात. ही पद्धत कसून पाळली जाते आणि आपण तिच्याकडून शिकावं अशी आहे. त्यांनी वीस-पंचवीस पेपर उलटले आणि मला जवळ बोलावलं. ‘मॅडम, ज्या प्रश्नात फक्त चिन्हं आहेत तिथे ही मुलं पास आहेत. जिथे तुम्ही चार ओळींचं इंग्रजी लिहिलंय तिथे नापास.’ मी परत पाहिलं. खरं होतं. शंकूच्या आकाराच्या टाकीत पाणी भरण्याचं ते उदाहरण मी आपल्याकडच्या पुस्तकांच्या सवयीने एकाच लांबलचक वाक्यात लिहिलं होतं. मुलांना गणित अडलं नव्हतं, वाक्य अडलं होतं.

टांझानियात सरकारी शाळांत सातवीपर्यंत सगळं शिक्षण स्वाहिलीत होतं आणि आठव्या वर्षी, माध्यमिकच्या पहिल्या दिवशी, फळा इंग्रजी होतो. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. लसावि-मसावि पाठ असलेली मी अकरावीत एलसीएम ऐकून गप्प बसले होते, तो वर्ग मला अजून आठवतो. तरी हे ओळखायला मला एक वर्ष लागलं. तुमचंही शिक्षण मराठीत झालं असेल तर हा तुमचा सगळ्यात मोठा ठेवा आहे, इंग्लंड-अमेरिकेहून येणाऱ्या कुणाकडे तो नसतो.

त्यानंतर मी वर्ग बदलला. प्रश्न फळ्यावर इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. मग पाच मिनिटं शेजाऱ्याला स्वाहिलीत समजावून सांगायचं. मग उत्तर इंग्रजीत लिहायचं. वर्गात गलका व्हायला लागला, त्याआधी स्मशानशांतता असायची. ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘तुमेलेवा’ म्हणतो, म्हणजे समजलं. त्यावर कधी विश्वास ठेवू नका, एकाला फळ्यापाशी बोलवा. स्वाहिली शिकायला लागा, निघायच्या आधीपासून. आपल्याला ती वाटते तितकी परकी नाही. फारसी-अरबीतून आपल्याकडे आलेले शब्द तिथे अरबी व्यापाऱ्यांबरोबर पोचलेत आणि काही तर थेट हिंदुस्थानातून गेलेत: प्रश्न म्हणजे ‘स्वाली’, गणित म्हणजे ‘हेसाबू’, कारण म्हणजे ‘सबाबू’, वही म्हणजे ‘दफ्तारी’, लेखणी ‘कलामू’, दुकान ‘दुका’, गाडी ‘गारी’. त्रिकोणाला ‘पेंबेतातू’ म्हणतात. पेंबे म्हणजे कोपरा, तातू म्हणजे तीन. पहिल्या तासाला हा शब्द फळ्यावर लिहून शेजारी देवनागरीत ‘त्रिकोण’ लिहिलं होतं आणि दोन्हींची फोड केली होती. त्या दिवशी पहिल्यांदा एका मुलीने आपणहून हात वर केला.

फक्त वेळेचं जपा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. कॉलेजचं वेळापत्रक आपल्यासारखंच असतं, पण सुतार, गवंडी, दूधवाला जेव्हा ‘सा तातू’ म्हणतो तेव्हा तो नऊ वाजता येणार असतो, तीनला नव्हे.

दरवर्षी काही आठवडे विद्यार्थी सराव-पाठासाठी शाळांत जातात आणि आपल्याला त्यांचे पाठ बघायला हिंडावं लागतं. हे काम कुणाला नको असतं. तुम्ही मागून घ्या. बसने, मग छोट्या ‘डालाडाला’ने, शेवटी ‘बजाजी’ने, आपली बजाजची रिक्षा तिकडे याच नावाने ओळखली जाते. एका शाळेत मी पोचले तेव्हा चार इयत्तांना मिळून गणिताचा शिक्षक एकच होता, आणि तो म्हणजे आमचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सरावासाठी आलेला. तो गेला की गणित बंद. 2013 च्या फेब्रुवारीत चौथ्या फॉर्मचा, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षाचा, निकाल लागला आणि 60 टक्क्यांहून जास्त मुलं नापास झाली, देश हादरला, संसदेत गदारोळ झाला. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र कुणी चकित झालं नाही. ज्यांनी त्या शाळा पाहिल्या होत्या त्यांना ते आधीच दिसत होतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं की आमचं ते अर्धवट बांधलेलं कॉलेज कशासाठी आहे.

धर्माबद्दल तुम्ही विचारलंत ते दबकत विचारलंत, पण उघड बोलू. तिथे ओळख झाली की दुसऱ्याच मिनिटाला विचारतात, ‘उनासाली वापी?’ तुम्ही प्रार्थना कुठे करता? हा आगाऊपणा नाही, आपल्याकडे ‘गाव कुठलं?’ विचारतात तसं ते आहे. मी सांगायचे, मी हिंदू आहे, घरी दिवा लावते. त्यावर मान हलवून पुढचं बोलणं सुरू. त्यांना चकित करतं ते ‘मी कुठेच करत नाही’ हे उत्तर. तसं असेल तर सांगा, पण मग दीर्घ गप्पांची तयारी ठेवा. बैठक प्रार्थनेने सुरू होते, तेव्हा उभं राहावं, डोकं झुकवावं. चॅपलची सक्ती मला कुणी केली नाही, पण पदवीदान, बिशपांची भेट, सहकाऱ्याच्या घरचा ‘म्सीबा’ म्हणजे मरण, अशा वेळी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे. म्सीबाला न जाणं ही तिथली सगळ्यात मोठी चूक. लग्न आणि मरण दोन्हींसाठी ‘म्चांगो’, वर्गणी, मागायला पाकीट येतं. कमी द्या, पण परत पाठवू नका. विद्यार्थ्यांत मुसलमान मुलंमुली पुष्कळ असतात, हिजाब घालून वर्गात बसतात, रमजानात दुपारचा तास त्यांना जड जातो. चांगली कॉलेजं हे सांभाळून घेतात. कपड्यांचे नियम मात्र दारावर पाटी लावून असतात, आणि तुमच्या पत्नीलाही ते लागू आहेत असं लोक धरून चालतील. साडी किंवा सलवार-कमीज असेल तर प्रश्नच नाही.

करारात ‘संस्थेच्या ख्रिस्ती मूल्यांना धरून वागेन’ असं कलम बहुधा असेल. ते वाचा. ‘श्रद्धा मान्य आहे’ यावर सही मागितली असेल आणि ती तुमची नसेल, तर सही करू नका. सरळ लिहून विचारा. मी विचारलं होतं, आणि त्यांनी शब्द बदलून ‘आदर राखेन’ असं केलं. मी नगरची, तिथल्या मिशनच्या शाळा-कॉलेजांवर वाढलेली. सिंथिया फरार 1827 मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळेत राबल्या, आणि ती शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शिक्षणाची दिशा दिसली. परक्या देशातून, परक्या भाषेत शिकवायला आलेल्या माणसांचं ऋण आपल्या मातीवर आहे. त्यांनी काय चांगलं केलं आणि लोकांना आपल्या धर्मात आणताना कुठे हात आखडले नाहीत, दोन्ही मी तिथे जाताना मनात धरलं होतं: शिकवायचं, पण कुणाला आपल्यासारखं करायला बघायचं नाही.

तिथे तुम्ही ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय, असाल, आणि म्हिंदी म्हणजे दुकानदार अशी तिथली समजूत. गुजराती व्यापाऱ्यांमुळे ती पडली. तिचा फायदा असा की जवळच्या शहरात तूरडाळ, मोहरी, कणीक सगळं मिळेल. तूर तर तिथलीच, ‘म्बाझी’ म्हणतात, दक्षिणेकडचे शेतकरी ती भारतासाठीच पिकवत. 2017 च्या ऑगस्टमध्ये भारताने तूर आयातीवर मर्यादा घातली आणि तिकडचा भाव कोसळला. लिंडीकडचा माझा एक जुना विद्यार्थी, आता शिक्षक, त्याचा फोन आला होता: धाकट्या भावाची फी म्बाझीवर भरायची होती, तुमच्या सरकारने असं का केलं? आपल्याकडे तुरीचे ढीग बाजार समितीत पडून होते, हमीभाव मिळत नव्हता, हे मी त्याला सांगितलं. ‘म्हणजे तुमचा शेतकरीही रडतोय,’ तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

मुलीबद्दल. डोंगराळ भागात थंडी असते, जून-जुलैत स्वेटर लागतो, डास कमी असतात. किनाऱ्याकडे कॉलेज असेल तर उलट. मलेरिया दोन्हीकडे आहे आणि तो बहुतेक फाल्सिपॅरम प्रकारचा, मुलांना पटकन वाढतो. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ताची चाचणी, ‘उद्या बघू’ नाही. चाचणी छोट्या दवाखान्यातही होते, औषधाला ‘म्सेतो’ म्हणतात. पिवळ्या तापाची लस तिघांनीही निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. केनिया किंवा इथिओपियामार्गे जाणं-येणं झालं तर प्रमाणपत्र मागतात, आणि परतताना मुंबईत नसेल तर अडकून पडाल. आता ते आयुष्यभर चालतं. शाळेची चिंता या वयात कमी: बहुतेक गावांत चर्चची ‘इंग्लिश मीडियम’ बालवाडी असते. करार पुढे वाढला तर मात्र पाचवी-सहावीला पुन्हा विचार करावा लागेल.

परत आल्यावरचं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत आधीची नियमित सेवा, मग ती देशातली असो वा परदेशातली, भरतीत आणि पदोन्नतीत धरण्याची तरतूद आहे. अटी आहेत, त्या पात्रतेच्या, समकक्ष पदाच्या आणि रीतसर निवडीच्या. तासिका तत्त्वाच्या सहा वर्षांपेक्षा ही दोन वर्षं कागदावर भक्कम ठरू शकतात, पण कागद असतील तरच. जाहिरात, निवड समितीचं पत्र, नियुक्तिपत्र ज्यात ‘लेक्चरर’ हा शब्द आणि पूर्ण वेळ असा उल्लेख आहे, दर महिन्याची वेतनचिठ्ठी, परवान्याची प्रत, आणि निघताना अनुभव प्रमाणपत्र. नव्या कॉलेजात वेतनचिठ्ठी द्यायची पद्धत नसेल तर ती तुम्हीच पाडा. मी पाडली, आणि त्याबद्दल स्थानिक सहकाऱ्यांनी माझे आभार मानले. बँकेच्या कर्जासाठी त्यांनाही तिचा उपयोग झाला.

एक शेवटचं, कामाचं. पहिल्या वर्षापासून तुमच्या जागी कोण येणार ते हेरायला लागा. तिथे चांगला पदवीधर ‘ट्यूटोरियल असिस्टंट’ म्हणून ठेवून घेतात, मग त्याला एम.एस्सी.ला पाठवतात. माझ्या पहिल्या तुकडीतली ती हात वर करणारी मुलगी 2012 मध्ये तशी लागली. तिला मी माझ्या नोंदवह्या दिल्या, पेपर काढायला बसवलं, बहिस्थ परीक्षकांसमोर उभं केलं. 2015 मध्ये कपाटाची किल्ली तिच्या हातात देऊन निघाले. असं कुणी तयार न करता परतलात तर तुम्ही गेल्यावर तो विषय पुन्हा कुणाच्या तरी ‘अर्धवेळ’ खात्यात जातो.

पत्राला उत्तर लिहाल तेव्हा नोंदणी, पगाराचा स्रोत, परवान्याचा वर्ग आणि मूल्यांचं कलम, एवढं विचारा. उत्तर पंधरा दिवसांत नीट आलं तर तिकिटाचं बघा. आणि लेकीला आत्तापासून ‘शिकामू’ म्हणायला शिकवा. मोठ्या माणसाला लहानाने ते म्हणायचं असतं, आणि मोठा ‘मराहाबा’ म्हणतो. चार वर्षांची परदेशी मुलगी पहाटे विहिरीपाशी उभ्या असलेल्या बायांना ‘शिकामू’ म्हणाली, की तुमच्या घरी संध्याकाळपर्यंत कुणीतरी पपई घेऊन दारात ‘होडी’, म्हणजे ‘येऊ का?’, म्हणत उभं असेल. तुम्ही ‘कारिबू’, म्हणजे ‘या’, म्हणायचं आणि चहा टाकायचा.